भुवयांमधली रेघ

बुबुळ पुन्हा तेच झालं... तपकिरी, गोल, कडेला जरा गडद आणि नाकासमोर बघणारं. लिंबाएवढं ते एकदा भाजून घेतलेलं चिनीमातीचं डोकं, त्यावर डाळीएवढे दोन डोळे. एक रंगवलेला, दुसरा अजून कोरा. तिनं कुंचला ठेवला, चिंधीचं टोक तेलात बुडवलं आणि रंगवलेला डोळा पुसून टाकला. रंगवून पुन्हा भट्टीत जाईपर्यंत सगळा रंग पुसता येतो, हे ती शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची. घाबरायचं नाही रे, चुकलं तर पुसायचं. एकदा रंग भाजला की मात्र माझ्याही हातात काही नाही.

सकाळपासून ती पुसतच होती.

पाठव, ठमी फोनवर म्हणाली होती. इतक्या वर्षांनी लेकीचा आवाज, आणि तोही दुकानदाराशी बोलावा तसा. पाठव, पोरीला बाहुल्या आवडतात. पण आई, माझा चेहरा नको. मग पत्ता सांगून तिनं फोन ठेवला होता. नात – जिचा साधा फोटोसुद्धा कधी आला नाही – ही बाहुली हातात घेईल, आवडली तर जवळ घेऊन झोपेल, आणि मग कदाचित पुन्हा फोन येईल. नाहीतर... नाहीतर तोच शेवटचा.

पण दुसरा चेहरा आणायचा कुठून? साचा धड असा एकच उरलेला, आणि तो ठमीचा. सहा वर्षांची ठमी खिडकीपाशी स्टुलावर बसलेली, नवरा समोर मातीत तिचं नाक उठवतोय आणि ती स्वतः बाजूला उभी राहून सांगतेय... मान सरळ. हलू नकोस. ठमे, हलू नकोस म्हटलं ना! गुणाची पोर, हललीच नाही. त्या चेहऱ्यावर दुकान चाललं, दुकानावर घर चाललं. किती शांत चेहरा हो, लोक म्हणायचे, आणि ती अशी फुलून यायची, जणू तो शांतपणा तिनंच पोरीला शिकवला होता. पुढं घर सोडताना ठमी दारात थांबून म्हणाली होती, तू मला कधी बघितलंस गं? तू रंग बघायचीस. तेव्हा वाटलं होतं, नाटकं करते पोरगी.

या वेळी तिनं ओठांपासून सुरुवात केली. कोपरे वर नेले, हसू आणलं. कच्चा गुलाबी मळकट दिसतो, भाजल्यावर खुलतो. म्हणून दिसतंय त्यावर नाही, पुढं होणार आहे त्यावर भरवसा ठेवायचा असतो. मागं सरून पाहिलं. सांगितलं म्हणून हसणारी ठमी. पुसलं. पापण्या जड केल्या. झोपेचं सोंग घेतलेली ठमी. पुसलं.

आणि रंग पुसताना तेलाचा ओघळ एका ठिकाणी अडला.

“काय गं,” नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता, “तू बाहुलीला रंगवतेस की ती तुला? नाकाला काळं लागलंय.”

“माझं नाक राहू दे, इकडं या आधी. ही तुम्हीच साफ केली होती ना?”

“तूच म्हणालीस, मनगट दुखतंय.”

“मग नीट करायची! ही बघा, भुवयांच्या मधे रेघ राहिलीय. आता भाजून दगड झालीय, घासणार कशी?”

त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. “राहिलीय कसली? साच्यातलीच आहे ती.”

“साच्यातली?”

“पहिल्यापासून. पोरीच्या कपाळाला होती, मी तशीच मातीत घेतली. तूच दरवेळी कच्च्या बाहुलीवरनं घासून काढतेस.”

“आणि तुम्ही इतकी वर्षं मिठाची गुळणी धरून बसलात?”

“मला वाटलं, तुला ती नको असेल,” तो म्हणाला. कप टेबलावर ठेवून थोडा घुटमळला. “भट्टी तापत आलीय,” असं पुटपुटत आत गेला.

तिनं बाहुली उजेडाकडं वळवली. आठी होती ती. केसाएवढी, पण आठी. साच्याचा दोष समजून तिनं अशा किती कपाळांवरून पॉलिश पेपर फिरवला होता, वर ओलं बोट फिरवून खात्री केली होती... मायेनं, अगदी मायेनं. मुलांनाही दाखवलं होतं, बघा, साच्यात असं उणंअधिक असतं, ते हलक्या हातानं काढायचं, आणि मुलांनी माना डोलावल्या होत्या. पण सहा वर्षांच्या पोरीला आठी पडावी असं काय होतं? पाठ दुखत होती? तहान लागली होती? की खिडकीबाहेर मुलं खेळत होती आणि हिला... नाही. हे मी आत्ता रचतेय. पुन्हा रंगवायलाच बसलेय मी. मला आठवत नाही. मी तिच्या हातभर अंतरावर उभी होते, आणि मला आठवत नाही.

माझा चेहरा नको, ठमी म्हणाली. कुठला नको? मी घासलेला, की हा? फोन करून सांगावं, ठमे, मला तुझी आठी दिसली. ती म्हणेल, आत्ता? एवढंच म्हणेल.

आतून नवऱ्यानं हाक मारली. ती तिनं ऐकली. ताटलीतल्या रंगावर साय धरू लागली होती. समोरच्या तोंडाला डोळे नव्हते, ओठ नव्हते, फक्त ती आठी होती, आणि तिच्याखाली ती पोर मनात काय म्हणत होती ते ऐकायचा तिनं प्रयत्न केला. काहीच ऐकू आलं नाही. एरवी अशा कोऱ्या जागेवर तिचा हात आपोआप चालू लागायचा. आज तो मांडीवर पडून राहिला. तिनं ते न ऐकू येणं पुसलं नाही, रंगानं भरलंही नाही, तसंच वाढू दिलं.