टोपीवरची दुमड

मी बेसबॉलचं एक जुनं कार्ड बोलतोय. दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका टाइल फॅक्टरीच्या ऑफिसात, रफिकच्या टेबलाच्या खणात सध्या माझा मुक्काम आहे.

माझा जन्म अमेरिकेतला, पन्नास वर्षांपूर्वीचा. तिकडे च्युइंगमच्या पाकिटातून खेळाडूंची चित्रं निघायची आणि मुलं ती जमवायची. माझ्या वेळी छापखान्यात काहीतरी बिघडलं आणि चित्राखाली खेळाडूचं नाव उमटलंच नाही. अशी कार्डं मोजकीच निघाली, म्हणून मी दुर्मीळ. पण डेल नावाच्या पोराला त्याचं काय? त्यानं मला पँटच्या मागच्या खिशात कोंबलं आणि तसाच सायकलवर बसला. खेळाडूच्या टोपीपासून खांद्यापर्यंत बारीक दुमड पडली. पुढे त्यानं मला वहीत चिकटवलं, त्या गोंदाचे डाग पाठीवर राहिले.

हाच डेल मोठेपणी भट्ट्यांचा इंजिनिअर होऊन या फॅक्टरीत आला. नव्याण्णव साली कायमचा परत जाताना त्यानं मला गुणवंतच्या हातात ठेवलं.

गुणवंत मूळचा चिपळूणकडचा. भट्टीतून निघालेल्या टाइल्स तपासायच्या आणि फर्स्ट, सेकंड की रिजेक्ट ते ठरवायचं, हे त्याचं काम. "तू एवढ्या टाइल्सना ग्रेड देतोस," डेल त्याला म्हणाला, "आता याला दे." दोघं वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवलेले. गुणवंत नुसता हसला.

नंतर तीन वर्षं मी कपाटात पडून होतो. मग गुणवंतच्या मुलीनं, ओवीनं, इंटरनेटवर वाचलं की अमेरिकेत अशी कार्डं तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत. त्या कार्डाला दहापैकी नंबर देतात आणि कडक प्लास्टिकमध्ये सील करतात. पाठवायच्या तऱ्हा तीन. सरळ नंबर मागायचा. किंवा नंबर नको, कार्ड अस्सल आहे एवढंच लिहून द्या म्हणायचं. नाहीतर नंबर फारच खाली आला, तर सील न करता परत पाठवा म्हणायचं.

एका शुक्रवारी दुपारी गुणवंत मला घेऊन खिडकीशी बसला. भिंगातून त्यानं मला बराच वेळ पाहिलं.

"कोपरे झिजलेत. पाठीवर डाग आहेत," तो म्हणाला. "पण फेस एकदम क्लीन. एकही दुमड नाही. नंबर मागू."

ओवी वाकून बघत होती. "बाबा, देअर इज अ लाइन. कॅपपासून शोल्डरपर्यंत."

"कुठे?"

"यू आर लुकिंग अ‍ॅट इट, बाबा."

ओवीची आई अनुपमा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. पिठाच्या हातानं ती बाहेर आली, नवऱ्याचं बोट धरून तिनं ते माझ्या चेहऱ्यावरून फिरवलं. दुमड त्याला बोटाला लागली. त्यानं बोट उचललं नाही.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"डावा डोळा तर खलास झालाय. उजव्यानं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं. डॉक्टरला दाखवलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले."

"आणि फॅक्टरीत?"

"टिचकी मारली की तडा आवाजावरून कळतो. बारीक रेघा राहून जातात." त्यानं भिंग खाली ठेवलं. "मागच्या महिन्यात मी पास केलेला एक लॉट बांधकामाच्या साइटवरून परत आला. ठपका युसुफवर आला. मी बोललो नाही."

युसुफ त्याच्या हाताखालचा. त्याचा पगार त्या महिन्यापासून कापला जात होता.

"ओवीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये आहे," गुणवंत म्हणाला. "नोकरी गेली की आपल्या सगळ्यांचा व्हिसा गेला. तोवर रेटायचं, इन्शाल्ला."

तव्यावरची पोळी करपल्याचा वास घरभर पसरला. कोणी उठलं नाही.

दोन दिवस अनुपमा त्याच्याशी बोलली नाही. मग ओवी कंपनीचा फॉर्म भरायला बसली. "नंबर नको, बाबा. जस्ट जेन्युइन म्हणून पाठवू. इट'ल लुक बेटर."

"नंबर नको म्हणणारा माल मी कधी पास केलेला नाही," गुणवंत म्हणाला. "नंबरच माग. आणि दुमड आहे हे आपणच लिही. कुठून कुठपर्यंत, तेही लिही."

तेव्हा अनुपमा बोलली. "कार्डाची दुमड लिहून देताय. आणि युसुफचं काय?"



दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाकिटात घालून तो फॅक्टरीत निघाला. कुरियरचं काम रफिककडे असतं. पण गुणवंत आधी मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरला. पाकीट हातातच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. "त्या लॉटमध्ये युसुफची चूक नव्हती, सर. माझे डोळे गेलेत."

मॅनेजर म्हणाला, "आधी का नाही सांगितलंस, गुणवंत?" आवाज चढलेला नव्हता. त्यामुळेच सगळं संपल्यासारखं वाटलं.

बाहेर येऊन गुणवंतनं मला रफिककडे दिलं. त्यानंतर त्याचा हात मला लागला नाही.

अमेरिकेत एका अनोळखी माणसानं मला प्रखर दिव्याखाली धरलं, मोजलं, उलटं केलं. काही क्षणांत निकाल लागला. दहापैकी दोन.

मी परत आलो तेव्हा उन्हाळा लागला होता. "वो तो फॅमिली लेके चला गया," रफिक युसुफला सांगत होता. "बच्ची का एक्झाम भी छूट गया. उधर का फोन लगता नहीं."

युसुफनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. त्याचा पगार आता पूर्ण मिळत होता. गुणवंतचं नाव त्यानं काढलं नाही. "रख दो," एवढंच म्हणाला. "कोई चिपळूण साइड का मिला तो भेज देंगे."

अजून तरी तसं कोणी मिळालेलं नाही.

तुम्ही त्या बाजूचे असाल, तर मला घेऊन जा. गुणवंतला आता मी दिसणार नाही, आणि या प्लास्टिकवरून त्याच्या बोटाला काही लागणारही नाही. तेव्हा लेबल तुम्हीच वाचून दाखवा. आणि नंबर सांगताना आवाज खाली आणू नका.