रंगाऱ्याचं मेक्सिकन सूप

तापातून उठल्यापासून बायकोची जीभ जी रुसली, ती रुसलीच. ती कारखान्याच्या कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण. सोमवारी तिला कामावर हजर व्हायचं होतं, आणि तिला खारट-आंबट काही म्हणता काही कळत नव्हतं. घरी तर मिठाचा अंदाज पार कोलमडला होता. वीस वर्षांत जिच्या एकाही भाजीला बरं म्हटलं नाही, तिच्या खारट भाज्या सासूबाई आता मुकाट गिळत आणि "छान झालीय हो" म्हणत. त्या कौतुकाने तर तिचं धाबंच दणाणलं होतं.

नवरा रंगारी. ज्यांच्या भिंती तो रंगवत होता, त्या बाईंनी त्याला मेक्सिकन पद्धतीचं चिकन सूप सांगितलं. सोपं, स्वस्त आणि मेलेल्या जिभेला उठवणारं. रविवारी सकाळी गड्याने कंबर कसली. मानेचे आणि पाठीचे स्वस्तातले तुकडे आणले. कांदा, लसूण, टोमॅटो तव्यावर डाग पडेपर्यंत भाजून वाटले. त्यात जिरं, लाल मिरची, चिकन, मक्याचे दाणे, उकडलेला राजमा आणि भरपूर पाणी घालून तासभर मंद आचेवर ठेवलं, आणि डब्यातला रंग ढवळावा तसं तळापासून ढवळत राहिला.

"पहिला हात वाळला की दुसरा देणार का रे?" आईने विचारलं.

"आई, तू फक्त खा."

वर लिंबू पिळलं, कोथिंबीर आणि मक्याच्या चिप्सचा चुरा पेरला. आईने पहिला घोट घेतला, क्षणभर तोंड वाकडं केलं, सुनेकडे पाहिलं आणि म्हणाली, "फर्मास!"

रंगाऱ्याने स्वतःच्या वाटीला हातही लावला नाही. तो बायकोकडे टक लावून बसला होता.

तिने एक घोट घेतला. मग दुसरा. "अहो, लिंबू लागतंय!" तिसऱ्या घोटाला तिची भुवई वर गेली. "मिरचीही लागतेय. पण अहो, यात मीठच नाहीये!"

"नाहीये! विसरलो! घातलंच नाही!" रंगारी स्वयंपाकघरात अक्षरशः नाचू लागला.

"तेच तर! घशाखाली उतरत नव्हतं मेलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि ऐक, कालची भाजीही खारट होती. परवाचा भातसुद्धा."

बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिने मिठाचा डबा पुढे ओढला.

"सांगा आई, सगळं सांगा," ती म्हणाली. "एकही दिवस सोडू नका."