पाण्याकडची खिडकी

मार्गशीर्षातली दुपार. उसाला तुरे आलेले. नजर पोचेल तिथवर रुपेरी, राखी, मोतिया तुऱ्यांचं रान वाऱ्यावर डुलत होतं, आणि त्या डुलत्या शुभ्रतेपलीकडून कृष्णा वाहत होती. निळसर, निवांत, निःशब्द. गुऱ्हाळातल्या उकळत्या रसाचा दाट, गोड वास कुरुंदवाडच्या गल्लीबोळांतून रेंगाळत होता. दारातून आत येत होता, जिन्यावरून वर चढत होता.

त्या सोनसळी प्रहरी, घाटापासून दोन गल्ल्या आत, आपल्या घराच्या माडीवर श्रीपाल शेडबाळे एक परकं शहर मांडून बसले होते. गावच्या हायस्कुलात उभी हयात चित्रकला शिकवलेला हा माणूस. त्यांना छापील नकाशा पुरेना. त्यांनी स्वतःच्या हातानं व्हेनिस रेखाटलं होतं. मधून सर्पगतीनं वळत गेलेला मोठा कालवा, त्याला फुटलेले असंख्य धाकटे कालवे, त्यांवर कमानदार पुलांच्या भुवया. आणि सगळीकडून वेढून राहिलेलं, हलक्या हातानं भरलेलं फिकट निळं पाणी.

वैशाखात जर्मनीला, धाकट्या लेकीकडे जायचं ठरलं होतं. चंदना फोनवर म्हणाली होती, "बाबा, इतक्या लांब येताय, तर तुम्ही दोघं तीन दिवस व्हेनिस बघून या. आयुष्यभर वर्गात तेच तर सांगत आलात."

खरंच होतं ते. मुलांना छायाप्रकाश शिकवताना ते त्या गावाशी येऊन थांबायचे. जिथं गाडीचं चाक नाही, टापांचा आवाज नाही. जिथं उंबऱ्यापुढे अंगण नाही, तर पाणी आहे. जिथं भिंतींचा रंग पाण्यात उतरतो आणि पाण्याचा उजेड घरांच्या छतांवर नाचतो. सांगताना त्यांच्या हातातला खडू हवेतच थबकायचा.

आता ते गाव दारात आलं होतं. आणि त्रिशला नको म्हणत होती.

ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पाठ नकाशाकडे. चांदीच्या तारेसारखे केस मानेवर सैल बांधलेले. हिरवे दाणे ताटात टपटप पडत होते.

"तीन दिवस पाण्यात राहायचं?" ती पाठमोरीच म्हणाली.

"पाण्यात कशाला? पाण्याकाठी. आणि मी खोली आतल्या बाजूची बघितलीय की. मागं चौक आहे, डाळिंबाचं झाड आहे. पाणी दिसणारसुद्धा नाही तुला."

"मग एवढं लांब जायचं कशाला?"

श्रीपाल कुंचला पाण्यात बुडवून नुसतेच फिरवत राहिले. भांड्यातलं पाणी निळं झालं.

*

एके काळी या गावात नदी म्हटलं की लोकांना त्रिशला आठवायची.

उन्हाळ्याच्या त्या लांबलचक, केशरी सकाळी. भावांच्या मागं लागून ती घाटावर यायची, परकराचा काचा मारायची, वरच्या बुरुजावरून उडी घ्यायची. आणि भाऊ मधूनच परतले तरी ही पैलतीराला लागलेली असायची. सावळी, सडसडीत, पाण्याच्याच मातीची घडवल्यासारखी. तिच्या वेणीला नदीचा वास यायचा. तिच्या हसण्याला नदीचा खळाळ होता.

निपाणीहून नव्यानं आलेला तरुण मास्तर एका सकाळी पायरीवर चित्र काढत बसला होता. देवळाचं शिखर झालं, पायऱ्या झाल्या, पाणी झालं. तेवढ्यात पलीकडून एक काळंभोर डोकं पाणी कापत आलं, आणि बघता बघता एक ओलीचिंब मुलगी पायऱ्या चढून त्याच्या मागं उभी राहिली. तिच्या वेणीतून थेंब ठिबकले. चित्रातलं शिखर विरघळलं.

"सर, तुमचं पाणी लई थांबलेलं दिसतंय ओ," ती म्हणाली, आणि निघून गेली.

त्या एका वाक्यानं मास्तर या गावचा झाला. पुढं लग्न झालं, संसार झाला. पाणी वाहतं कसं काढायचं ते त्यांना तिच्याकडे बघत बघत जमलं. पोहणं मात्र जमलं नाही कधीच. ती पाण्यात, ते पायरीवर. ती भिजलेली, ते कोरडे. अशी कितीतरी वर्षं घाटावरून वाहून गेली.

मग तो श्रावण आला.

पाणी दर वर्षी यायचंच. देवळाच्या पायरीला लागायचं, बायका खणानारळानं ओटी भरायच्या, आणि आलेल्या माहेरवाशिणीसारखी नदी चार दिवस राहून परत फिरायची. त्या वर्षी ती फिरली नाही. घाट बुडाला, गल्ली बुडाली, खालचं घर बुडालं. करडं, चिखलट, तेलकट पाणी जिन्याची एकेक पायरी चढत माडीकडे येऊ लागलं. दारं वाहत होती, गंज्या वाहत होत्या, कुणाच्या गोठ्यातलं दावं तोडलेलं वासरू मान वर करून वाहत होतं. आणि ती, नदी ओलांडणारी त्रिशला, वरच्या पायरीवर बसून नुसती बघत होती.

संध्याकाळी तिनं हात पुढे केला होता. ओळखीच्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा हलकेच पाण्यावर ठेवला होता. पाण्यानं तो असा हिसकला, की श्रीपालांनी तिला मागं ओढलं नसतं तर ती गेलीच असती.

"हिनं मला ओळखलं नाही ओ," एवढंच ती म्हणाली होती.

रबरी होडीतून त्यांना बाहेर काढलं. पाणी ओसरलं, चिखल निघाला, भिंतींना नवा रंग बसला. पण त्रिशला पुन्हा घाटाकडे फिरकली नाही. बाजाराला जायची तीही लांबच्या वाटेनं. नळाखालची बादलीसुद्धा भरून वाहण्याआधी ती धावत जाऊन बंद करायची. श्रीपाल हे सगळं बघत होते. घरात दोन माणसं होती, आणि दोघांमध्ये एक न उच्चारलेली नदी.

*

पौष लागला. दिवस काचेसारखे स्वच्छ, सकाळी धुक्यानं भरलेल्या. माडीवरचं व्हेनिस रोज थोडं थोडं वाढत होतं.

श्रीपाल मोठ्यानं बेत करायचे. पहिल्या दिवशी मोठ्या कालव्यातून नावेनं. दुसऱ्या दिवशी काचेचं काम करतात त्या बेटावर. तिसऱ्या दिवशी काहीच नाही, नुसतं चुकत चुकत हिंडायचं. त्रिशला शेंगा सोलायची, धान्य निवडायची, ऐकत नसल्यासारखी ऐकायची. आणि मध्येच, पाठमोरीच, एखादा प्रश्न टाकायची.

"तिथल्या बायका धुणं कुठं वाळत घालतात?"

श्रीपालांनी फोनवर शोधून चित्र दाखवलं. समोरासमोरच्या दोन घरांमध्ये, कालव्यावर, दोऱ्यांची तोरणं. त्यांवर चादरी, सदरे, लहान पोरांचे मोजे. ती क्षणभर वळली. डोळ्यांच्या कोपऱ्यात एक जुनं हसू उमललं, आणि मिटलं.

"आणि पाणी घरात शिरल्यावर काय करतात?"

हे श्रीपालांना ठाऊक नव्हतं. जन्मभर त्या गावाची स्तुती केली, पण हा प्रश्न त्यांना कधी सुचलाच नव्हता. म्हणून त्यांनी खोल्या देणाऱ्या बाईंनाच निरोप धाडला. ओर्सोला त्यांचं नाव. फोन इकडचं मराठी तिकडच्या भाषेत नेई, तिकडचं इकडे आणी. वाटेत शब्द थोडे अवघडत, थोडे अडखळत. श्रीपालांनी विचारलं होतं: चौकाकडची खोली हवी आहे, माझ्या पत्नीला पाण्याची भीती वाटते, तुमच्या घरात पाणी येतं का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. श्रीपाल वाचू लागले, थांबले, आणि फोन त्यांनी त्रिशलेच्या हातात दिला.

"तुमच्या पत्नीला सांगा," ओर्सोलाबाईंनी लिहिलं होतं, "मे महिन्यात पाणी पायरीवर बसून राहते, आत येत नाही. थंडीत येते. माझ्या स्वयंपाकघरात पुष्कळदा आले आहे. एका वर्षी त्याने माझ्या नवऱ्याचा पियानो बिघडवला. नवरा त्याआधीच गेला होता, पियानोच उरला होता. मी पाण्यावर रागावले. एक संपूर्ण हिवाळा मी त्याच्याकडची खिडकी उघडली नाही. पण शेजारी सगळे दुसऱ्या गावी राहायला गेले आहेत. गल्लीत म्हातारी मीच. कोणाशी तरी बोलायला हवे होते. मग उघडली. चौकाकडची खोली चांगली आहे. पण तुमच्या पत्नीला विचारा, त्यांना पाण्याची भीती वाटते, की त्यांचे पाण्याशी भांडण झाले आहे?"

दुपार हलत नव्हती. ताटातले हिरवे दाणे उन्हात चमकत होते. कुठे तरी दूर उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं वाजत गेलं, विरत गेलं.

त्रिशलेनं पुन्हा वाचलं. मग तिचा अंगठा सावकाश, चाचपडत अक्षरं जुळवू लागला. *माझ्या गावात नदी आहे. मी ती पोहून पार करत होते.*

अंगठा थांबला. 'करत होते' या दोन शब्दांवर नजर खिळली. किती लहान शब्द, आणि केवढं आयुष्य त्यांच्या मागं बुडालेलं. किती उन्हाळे, किती पैलतीर, किती ओल्या वेण्या.

तिनं तो निरोप धाडला नाही. फोन ठेवला, ताट उचललं, खाली गेली. श्रीपाल निळ्या नकाशापुढे बसून राहिले. आपण विचारायला नको होतं, असं त्यांना वाटत राहिलं.

*

झुंजुमुंजू होत असताना तिनं त्यांना हलवलं.

"उठा की. घाटावर येता?"

त्यांनी विचारलं नाही, का. टोपी घातली, तिची शाल घेतली, आणि निघाले.

धुकं. सगळीकडे धुकं. गल्ली धुक्याची, देऊळ धुक्याचं, घाटाच्या पायऱ्या उतरत उतरत धुक्यात नाहीशा झालेल्या. नदी दिसत नव्हती. ती होती एवढंच कळत होतं. काठाशी दोघं तिघं नेहमीचे पोहणारे अंग पुसत होते. त्यातल्या एकानं डोळे बारीक करून बघितलं. "त्रिशलाक्का? लई दिसानं!" ती नुसती हसली.

तिनं चप्पल काढली. जुन्या सुती लुगड्याचा काचा घट्ट केला. एक पायरी उतरली, दुसरी उतरली. पाण्याच्या कडेशी थबकली. मग वाकली, आणि हात पाण्यावर ठेवला.

थंडीतली नदी पहाटे कोमट असते. ते ती विसरली होती.

श्रीपालांनी हातातली शाल आवळून धरली. वय काय, थंडी काय, इतक्या वर्षांची सुटलेली सवय काय. "त्रिशला, पायच बुडव हां नुसते," ते म्हणेपर्यंत पांढऱ्या धुक्यात एक सावळी आकृती झुकली, आणि उरला फक्त आवाज.

छप्. छप्. छप्.

हात पाणी कापत होते. आधी अडखळत, दम घेत. मग एका लयीत, एका तालात. आवाज लांब जात होता. ज्यांनी आयुष्यभर पाण्याचे रंग टिपले, ते श्रीपाल आता डोळे मिटून पाण्याचा आवाज वेचत होते. छप्. छप्. अजून आहे. छप्. अजून आहे.

आणि आवाज थांबला.

धुक्याला टोक नव्हतं. नदीला तीर नव्हता. हातातल्या शालीची ऊब एकाएकी असह्य झाली.

"त्रिशला!" ते ओरडले. "त्रिशला ऽऽ!"

शांतता. मग खूप आतून, त्या शुभ्र, अथांग पोकळीतून आवाज आला. दमलेला, रागावलेला, आणि तरीही सोळा वर्षांच्या मुलीचा.

"ओरडू नका ओ! उताणी पडलीये जरा."

काठावरचे पोहणारे हसले. श्रीपाल पायरीवर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

ती परत आली तेव्हा पूर्वेला धुक्याचा रंग कोवळ्या केळीच्या गाभ्यासारखा झाला होता. धापा टाकत ती पायरीशी लागली. चढली नाही, पाय पाण्यात सोडून तिथंच बसली. रुपेरी केसांतून धारा गळत होत्या. श्रीपालांनी शाल तिच्या खांद्यांवर टाकली.

"तिनं मला ओळखलं का, कुणास ठाऊक," ती म्हणाली. "मी मात्र ओळखलं."

थोड्या वेळानं, पाण्याकडेच बघत: "त्या बाईंना कळवा. खिडकी पाण्याकडची द्या म्हणावं. आणि सांगा, भांडणच होतं."

श्रीपालांनी वहाणा काढल्या, धोतर गुडघ्यांवर घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक पायरी खाली उतरून तिच्याशेजारी बसले. नदीनं त्यांचे घोटे हलकेच वेढले.

धुकं विरत होतं. पैलतीर उमटत होता. पहिलं ऊन तिरपं होऊन पाण्यात उतरलं, आणि बुडालेल्या पायरीवर चार पावलं दिसू लागली. दोन गोरी, दोन सावळी. सुरकुतलेली, शेजारी शेजारी. पाणी येत होतं, पाणी जात होतं. आणि त्या येत्या-जात्या उजेडात ती चार पावलं तुटत होती, जुळत होती. तुटत होती, जुळत होती.