बंद केलेली गोळी

गल्लीतले लोक औषधवाल्या काकांना अर्धा डॉक्टर म्हणत. उरलेला अर्धा काका स्वतःच्या हिमतीवर जोडून घेत. कुणी दात काढायला निघालं, की काउंटरवरून सल्ला तयार: "रक्त पातळ करायची गोळी आधी चार दिवस बंद ठेवा. नाहीतर रक्त थांबायचं नाही." तुमच्या डॉक्टरांना विचारा, असं म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे.

स्वतःच्या बायकोला, काकूंनाही, त्यांनी तेच सांगितलं. काकूंच्या हृदयात कृत्रिम झडप बसवलेली, आणि दाढ तर ठणकत होती.

"गोळी बंद केलीत?" दातांच्या डॉक्टरीणबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. "अहो, दाढेतून रक्त आलं तर मी बोळा दाबून, टाका घालून थांबवीन. पण त्या झडपेवर गुठळी धरली आणि मेंदूकडे गेली, तर काय करू मी? कुणी सांगितलं हे?"

एरवी ज्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, ते सोबत आलेले काका भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचू लागले.

"मीच विसरले हो," काकू म्हणाल्या. "वय झालं आता."

डॉक्टरीणबाई त्यांना चांगलंच बोलल्या. काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. काका तक्ताच वाचत राहिले. मग हृदयाच्या डॉक्टरांना फोन झाला. गोळी आजपासून सुरू, आधी रक्ततपासणी, दाढ नंतर.

बाहेर बाकावर गल्लीतली शिवणकामवाली बसली होती, शेजारी गाल धरून तिची सासू.

"बरं झालं काका भेटलात! तुम्ही सांगितलंत तशी आमच्या आईंची गोळी बंद केलीय हं."

खोली माणसांनी भरलेली. काकूंनी काकांची बाही ओढली, "चला हो" म्हणाल्या. काकांनी बाही सोडवून घेतली.

"आत जाऊन बाईंना सांग, गोळी बंद आहे म्हणून. आत्ताच." काका मोठ्याने म्हणाले. "मी चुकीचं सांगितलं. हिचीही गोळी मीच बंद करायला लावली. ती विसरली नव्हती."

सगळ्या माना वळल्या. सासूने गालावरचा हात काढला.

"माझ्या भावालाही तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "दात काढला आणि आठवडाभरात त्याची उजवी बाजू लुळी पडली. आम्ही म्हटलं, नशीब त्याचं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. ह्या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.