कुंचीतली वाळू

बिडकीनजवळच्या एका वस्तीवर, अंगणवाडीच्या दारामागे खिळ्याला टांगलेला जुना वजनकाटा म्हणजे मी. मी कधी खोटं सांगत नाही, याचा मला फार तोरा होता. मित्रांनो, तो तोरा कसा उतरला ते ऐका.

दर महिन्याच्या पाच तारखेला माझ्या आकड्याला झोळी अडकवत. एकेक लेकरू झोळीत बसे, माझा काटा फिरे आणि अंगणवाडीच्या पद्मजाबाई त्याच्या कार्डावर टिंब देत. टिंब हिरव्या पट्ट्यात पडलं की आई हसे. लाल पट्ट्यात पडलं की लेकराला आईसकट शहरातल्या दवाखान्यात पंधरा दिवस राहावं लागे.

वच्छी दीड वर्षांची होती. तिची आई साळूबाई लोकांच्या शेतात खुरपायला जाई, बाप खडीच्या खाणीवर. घरी आणखी दोन लेकरं होती. एक दिवस काम बुडलं की संध्याकाळी चूल पेटत नसे. मग पंधरा दिवस दवाखान्यात कोण बसणार? गरिबी अशी असते, मित्रांनो. ती आजार देते आणि औषधाची वाटही तीच अडवून बसते.

त्या हिवाळ्यात वच्छी कुंची घालून वजनाला येऊ लागली. कुंची म्हणजे डोक्यापासून पाठीपर्यंतचं जाड टोपडं. चारचौघांत लेकरू उघडं केलं तर दृष्ट लागते, असं तिथल्या सगळ्या बाया मानत, म्हणून पद्मजाबाई कधी कुंची काढायला सांगत नसत. साळूबाई लेकीला स्वतःच झोळीत ठेवी, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. पहिल्या महिन्यात टिंब हिरव्यात पडलं. दुसऱ्या महिन्यात आणखी वर.

"वच्छी बाळसं धरायलीय बरं का!" पद्मजाबाई म्हणाल्या. साळूबाईने मान खाली घातली.

मला मात्र भीती वाटू लागली. आकडा वाढत होता आणि झोळीत बसल्यावर वच्छी मला मारायची ती लाथ मात्र हलकी होत चालली होती. तिसऱ्या महिन्यात लाथ आलीच नाही. समोर काहीतरी भयंकर घडत होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

चौथ्या वेळी कुंचीच्या काठाची शिवण उसवली. सरसर वाळू फरशीवर सांडली. माझा काटा मागे मागे येत सात किलोच्याही खाली थांबला. इतके महिने खरं म्हणून मी वाळूचंही वजन सांगत होतो. पद्मजाबाईंनी ती वाळू मुठीत उचलली.

"साळूबाई, हे काय केलं?"

"काय करू बाई? मी तिकडं पंधरा रोज बसले तर घरच्या दोघायला कोण खाऊ घालंल? लाल टिंब नगं व्हतं मला."

पद्मजाबाईंचे डोळे भरून आले. "हे मीच आधी विचारायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. त्यांनी दोघा लेकरांचं जेवण अंगणवाडीतच ठरवलं. शेजारची मनकर्णाबाई पुढे झाली. "तू जा गं. पोरं माझ्यापशी निजतील."

साळूबाई वच्छीला घेऊन दुपारच्या एसटीने गेली.

पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. वच्छी साध्या झबल्यात झोळीत बसली आणि तिने मला बारीकशी लाथ मारली. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता! पण उन्हाळ्यात खडीची खाण बंद पडली आणि साळूबाईच्या घराला कुलूप लागलं. सगळे वीटभट्टीवर गेले म्हणे. कुठल्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वच्छीच्या कार्डावरची रेघ वाळू सांडली त्या महिन्यात खाली कोसळते, मग चैत्रापर्यंत वर चढते आणि तिथेच थांबते.

मित्रांनो, तुमच्या वर्गातलं एखादं मूल अचानक यायचं थांबलं, तर ते कुठे गेलं आणि का गेलं, हे विचारा. चार दारं ठोठावून विचारा. मी खिळ्याला टांगलेला आहे. जे लेकरू माझ्यापर्यंत येतं, त्याचंच वजन मला सांगता येतं. जे आलंच नाही, त्याचं काय झालं, हे तुम्हालाच बघावं लागेल.