दिसेल तेवढंच

"भाऊजी, शिडीवर उभं राहून पाय हलवू नका. तुमच्यामागोमाग दुर्बीण हलते आणि दुर्बिणीमागोमाग अख्खं आकाश."

"थंडी वाजतेय गं."

"दोन स्वेटर घातलेत. आता ताईची रजई तेवढी आणायची राहिली."

घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळकाका हसले नाहीत. एरवी धाकटीचा, म्हणजे या मेहुणीचा, एकही टोमणा ते फुकट जाऊ देत नसत. आज तासाभरात त्यांनी तीनदा डोळा लावायची नेत्रिका बदलली होती, दोनदा थर्मास उघडून चहा न पिताच झाकण लावलं होतं. या उजाड माळावर अमावास्येच्या आसपास दोघं एकोणीस वर्षं येत होती. दुर्बिणीचा अठरा इंची आरसा काकांनी घरीच दीड वर्ष घासून तयार केलेला; तिचं काळं कापडी आवरण धाकटीने आपल्या शिलाई मशीनवर शिवलेलं.

अंधुक दीर्घिका, म्हणजे दूरची एखादी आकाशगंगा, बघायची एक रीत असते. तिच्याकडे थेट पाहायचं नाही. नजर जरा बाजूला ठेवायची, श्वास सावकाश सोडायचा आणि थांबायचं. मग डोळ्याच्या कडेला फुंकर मारल्यासारखं धुकं उमटतं. त्याच्याकडे वळून पाहिलं की बुजऱ्या मांजरासारखं ते पळून जातं.

या दोघांनी त्यात आपला एक नियम घातला होता. बघताना अवाक्षर काढायचं नाही. 'डावीकडे आहे बघ' असं एकाने म्हटलं की दुसऱ्याला डावीकडे दिसायलाच लागतं; मन फार लबाड असतं. म्हणून आधी काकांनी बघायचं, मग धाकटीने. लाल बॅटरीच्या उजेडात आपापल्या वहीत दिसेल तेवढंच काढायचं. शेवटी वह्यांची अदलाबदल.

काका पुन्हा नेत्रिकेशी वाकले. तीन ताऱ्यांचा छोटा त्रिकोण आणि त्याच्या पोटात काडीसारखी लांबट दीर्घिका. आजवर चार वेळा काढलेली. पण आज त्रिकोणाच्या पोटात नुसता काळोख होता. त्यांनी नजर डावीकडे नेली, उजवीकडे नेली. दुर्बिणीला बोटाने हलकेच टिचकी मारली. हलत्या चित्रात कधीकधी अंधुक वस्तू सापडते. काहीच नाही.

मागच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "काका, वयानुसार अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही. त्यामुळे उजेड कमी शिरतो. याला औषध नाही." हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. धाकटीला तर नाहीच.

ते खाली उतरले, वही मांडीवर घेतली. पेन्सिल क्षणभर थांबली आणि मग चालू लागली. त्रिकोण, बाजूचे सुटे तारे, मधोमध काडी. हाताला सगळं पाठ होतं.

धाकटी शिडीवर गेली. बराच वेळ तिथेच राहिली. काका बुटाने माती उकरत बसले. मग ती उतरली, पाठमोरी बसून चित्र काढलं आणि वही पुढे केली.

तिच्या वहीत तारे होते. काडी नव्हती. दुर्बिणीतून दिसणाऱ्या वर्तुळाच्या कडेला दोन तारे एकमेकांना अगदी चिकटून काढले होते आणि खाली लिहिलं होतं, 'दीर्घिका नाही.'

धाकटी काकांचं चित्र बघत होती. "भाऊजी, कडेला ही जोडी आहे ना, ती तुमच्यात नाही."

काका उठले. नकाशा काढला, त्यावर बॅटरी धरली.  असाच दिसणारा दुसरा त्रिकोण बोटभर वर होता. कडेला जुळी जोडी असलेला. दुर्बीण त्याच्यावर लागली होती. त्या ठिकाणी दीर्घिका नव्हतीच. कुणालाच दिसली नसती.

 मग धाकटी शाल सारखी करत म्हणाली, "माझ्याच पदराचा धक्का लागला असेल. तुमचं बघून झालं आणि मी चढताना सरकली दुर्बीण."

वाट मोकळी होती. काकांनी नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. घरी परतताना दोघं हसली असती.

"धक्का नाही लागला," काका म्हणाले. "मला काही दिसलंच नाही. तरी काढलं."

"एखाद्या वेळी होतं हो."

"एखाद्या वेळी नाही. डोळे चाललेत गं माझे." मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते त्यांनी सांगून टाकलं. एका दमात, दुसऱ्या कुणाच्या आजाराविषयी बोलावं तसं.

 धाकटी उठली आणि दुर्बीण सावकाश खऱ्या त्रिकोणावर आणली. "या. बघा."

काका चढले. पाऊण तास ते तिथे होते. बाजूला बघितलं, डोळे मिटून विसावा दिला, डोक्यावरून काळं फडकं घेतलं. एकदा काहीतरी आल्यासारखं वाटलं, पण ते आपणच आणलं की काय याची खात्री देता येईना. ते खाली आले. वहीतल्या मघाच्या चित्रावर एक सरळ रेघ मारली, पान उलटलं, तारीख घातली.

"आता तू बघ."

ती वर गेली. नेहमीप्रमाणे गप्प.

"बोल," काका खालून म्हणाले.

"भाऊजी, बघताना बोलायचं नसतं."

"आजपासून बोलायचं. आहे का?"

"आहे," ती हळूच म्हणाली. "लांबट आहे. एका टोकाला जरा जाड. मध्ये... थांबा, मध्ये एक काळी रेघ आहे. ही तर आधी कधी दिसली नव्हती."

काकांचे पाय आता स्थिर होते. त्यांनी पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपलं.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "मी लिहून घेतोय."