खोक्यात हवा राहता कामा नये

"माझे बूट कुणी पाहिलेत का?" जावयाने दारात उभं राहून विचारलं. त्याच्या पायात नुसते मोजे होते आणि उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावून जमलेल्या मंडळींचा अंदाज घेत होता.

पेंढाकाकांनी हातातल्या खोक्यावर चिकटपट्टीचा शेवटचा पट्टा ओढला, तळहाताने दाबला, मग खोकं उचलून कानाशी नेऊन हलवलं. आतून काही आवाज आला नाही.

"आहेत," ते म्हणाले.

"कुठे?"

"सुरक्षित आहेत."

जावयाने खोलीत नजर फिरवली. जमिनीपासून खिडकीपर्यंत खोक्यांची भिंत उभी होती. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. "बाबा, मी ते दाराबाहेर काढून ठेवले होते. पायातून काढले, तुम्हाला नमस्कार केला, पाणी प्यायलो. तेवढ्यात?"

"जागा होती," काका म्हणाले. "वाया गेली असती."

काकांचा उभा जन्म काचेच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात गेला होता. ते लागले तेव्हा माल पेंढ्यात भरायचे, म्हणून खात्याने त्यांना पेंढा म्हणायला सुरुवात केली. पुढे पेंढा गेला, कागदाचे बोळे आले, मग बुडबुड्यांचं प्लॅस्टिक आलं. नाव मात्र पेंढ्याचंच राहिलं. वय वाढलं तसं त्याला काका जोडलं गेलं, इतकीच काय ती बढती. आता कारखानाच बंद पडला होता आणि वसाहतीतली ही दोन खोल्यांची जागा आज संध्याकाळपर्यंत रिकामी करून द्यायची होती. काका मुलीकडे राहायला निघाले होते.

पॅकिंगमधलं त्यांचं तत्त्वज्ञान एवढंच होतं, की खोक्यात हवा राहता कामा नये. लोकांना वाटतं माल आपटून फुटतो. तसं नाही. मालाला हलायला जागा मिळते म्हणून तो फुटतो. त्यामुळे काकांनी अख्खं घर हवा काढून भरलं होतं. कुकरमध्ये गाळणी होती, गाळणीत लिंबं होती. पातेल्यांच्या मध्ये उशीची खोळ होती आणि खोळीत कांदे. गजराचं घड्याळ घोंगडीच्या गुंडाळीत चालू स्थितीत गेलं होतं, त्यामुळे एक खोकं अधूनमधून कण्हल्यासारखं वाजायचं आणि ट्रकवाला दचकायचा. चहाचे कप एका खोक्यात, चहापत्ती दुसऱ्यात, साखर चपलेत. सकाळी मुलीने चहा केला तो सगळ्यांनी आळीपाळीने एकाच झाकणातून प्यायला. ते झाकणही काका हातात घेऊन उभे होते. रिकामं झाल्याबरोबर भरलं.

"कात्री द्या, मी बघतो शोधून," जावई म्हणाला.

"कात्री भरली."

"मग सुरी?"

"तीही. धारेची वस्तू बाहेर ठेवू नये."

मुलगी आतल्या खोलीतून पदर खोचून बाहेर आली. ती मोठ्या हॉस्पिटलात वॉर्डाची मुख्य सिस्टर होती आणि घरातही वॉर्डच चालवायची. कालपासून तिने सामानाचे दोन ढीग केले होते, न्यायचं आणि टाकायचं. तिचा नियम साधा होता. फुटलेलं, तुटलेलं, बंद पडलेलं नव्या घरात येणार नाही. या नियमाने एक रेडिओ, दोन छत्र्या आणि एक तीन पायांचं स्टूल जिन्याखाली जाऊन पडलं होतं. काका स्वतः कोणत्या ढिगात बसतात ते त्यांनी विचारलं नव्हतं.

"बाबा, यांचे बूट कशाला भरलेत? ऑफिसला हेच घालतात ते."

"नेमके कुठल्या खोक्यात गेले ते आठवत नाही," काका म्हणाले.

हे खोटं होतं. ते आता ज्या खोक्यावर जाऊन बसले होते, त्यातच बूट होते आणि बुटांत कोंबडा होता.

कोंबडा काचेचा होता. काकांच्या लग्नात भट्टीवरच्या एका कारागिराने भेट दिलेला. त्याने करायला घेतला होता हंस, पण मान ओढताना त्याला शिंक आली. मग शिंकेला तुरा म्हणायचं ठरलं आणि हंसाचा कोंबडा झाला. अंग निळसर, तुरा लाल, शेपटीचं काय ते कुणालाच कळलं नव्हतं. काकूंनी तो खिडकीत ठेवला. "या घरात दोघंच काही बोलत नाहीत," त्या म्हणायच्या, "एक हा आणि एक तुम्ही. याच्याकडून निदान ऊन तरी आत येतं."

मागच्या थंडीत काकू आजारी पडल्या तेव्हा मुलीने फर्मान काढलं. पलंगावरून उठायचं नाही, काही लागलं तर बाबांना सांगायचं. काकू हो म्हणाल्या. एका दुपारी काका औषधं घेऊन आले तर काकू स्टुलाच्या शेजारी जमिनीवर बसलेल्या. हातात फडकं, समोर कोंबड्याचे तुकडे. त्यांना काही लागलं नव्हतं. त्यांनीच ते एकेक करून बिस्किटाच्या डब्यात गोळा केले, धरून धरून पलंगावर गेल्या आणि पांघरुणातून म्हणाल्या, "वेळ मिळाला की जोडा. घाई नाही. आणि हिला सांगू नका बरं. मी उठले होते हे कळलं तर बोलेल मला."

काकांनी सांगितलं नाही. जोडलाही नाही. उभ्या जन्मात त्यांनी मोडलेलं काही जोडलं नव्हतं, ते खातंच वेगळं होतं. मग काकू गेल्या, आणि घाई नाही म्हणालेल्या माणसाचं काम उरकायचं तरी कुणासाठी.

काल मुलीच्या हाताला तो डबा लागला होता. झाकण घट्ट बसलेलं. तिने हलवलं, आत काच वाजली आणि डबा टाकायच्या ढिगात गेला. "कोंबडा घेतलात ना पण?" तिने विचारलं होतं. "घेतला," काका म्हणाले होते, आणि ती पाठमोरी होताच जिन्याखाली जाऊन त्यांनी तो खरोखरच घेतला.

डब्यात ठेवणं शक्य नव्हतं. डब्यात हवा असते, हवेत काच वाजते, आणि वाजलेलं मुलीला ऐकू येतं. काकांनी रात्रीच प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळला आणि आज घरभर नजर टाकली. खालून कडक, आतून मऊ, चहूबाजूंनी बंद असं काहीतरी हवं होतं. त्यांचे स्वतःचे कारखान्यातले गमबूट होते, पण त्यांत फारच हवा. नेमक्या त्या क्षणी जावयाने दारात काळे चामड्याचे बूट काढले. मुलगी जगातल्या सगळ्या वस्तू तपासेल, पण नवऱ्याच्या बुटात हात घालणार नाही, एवढं काकांना संसारातलं कळत होतं.

"उठा बघू," मुलगी म्हणाली. "तुम्ही बसलाय तेच आधी उघडते."

"सील केलेलं आहे."

"म्हणून काय झालं?"

"सील केलेलं आपण उघडायचं नसतं. ज्याच्या दारात जाईल तो उघडतो."

"बाबा, ते माझ्याच दारात जाणार आहे."

"मग तिथे उघड."

तिने पर्समधून किल्ली काढली आणि किल्लीचं टोक चिकटपट्टीला लावलं. काका उठले नाहीत. त्यांनी फक्त दोन्ही हात खोक्यावर टेकवले, तान्ह्या मुलाचं पोट धरून बघावं तसे.

जावई विमा कंपनीत होता. मोडलेला, फुटलेला, भिजलेला माल बघायला जाणं हे त्याचं काम. आतापर्यंत त्याने इतकी फुटकी खोकी आणि त्यांच्याशेजारी उभी राहिलेली इतकी माणसं पाहिली होती, की त्याला हल्ली खोकं बघायची गरज पडत नसे. त्याने काकांच्या हातांकडे पाहिलं.

"राहू दे गं," तो म्हणाला. "ते गमबूट कुणाचे?"

"अहो, पण उद्या ऑफिस..."

"उद्याचं उद्या." त्याने गमबुटांत पाय घातले. ते दोन नंबरांनी मोठे होते. जिना उतरताना तो प्रत्येक पायरीवर दोनदा वाजला.

ट्रक भरला. काकांनी रिकाम्या खोल्यांतून एक फेरी मारली. एवढी हवा त्यांनी एका जागी कधी पाहिली नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावर कोंबड्याच्या बैठकीएवढा गोल डाग होता. तो नेता येण्यासारखा नव्हता. त्यांनी दार ओढून घेतलं.

मुलगी आणि जावई मोटारीतून पुढे गेले. काका ट्रकमध्ये, ट्रकवाल्याशेजारी, खोकं मांडीवर घेऊन बसले. पहिल्या गतिरोधकावर त्यांनी खोकं दोन्ही हातांनी वर धरलं, ट्रक आदळला, त्यांनी खोकं खाली घेतलं. दुसऱ्यालाही तेच.

"काय एवढं नाजूक आहे, काका?" ट्रकवाल्याने विचारलं.

"बूट."

ट्रकवाल्याने खोक्याकडे पाहिलं. "बुटांना एवढं?"

"जावयाचे आहेत."

"हां, मग बरोबर," ट्रकवाला म्हणाला, आणि पुढचा गतिरोधक त्याने नवरदेवाची गाडी न्यावी तसा हळू घेतला.

मुलीच्या घरात काकांसाठी मागची खोली काढली होती. पलंग, टेबल आणि भिंतीत एक रिकामी फळी. हमाल खोकी रचून गेले. काका मधोमध उभे राहिले आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नाही. त्यांनी आयुष्यभर खोकी बंद केली होती. ती ट्रकमध्ये चढून फाटकाबाहेर जायची आणि तिथे त्यांच्यापुरती संपायची. कुठे गेली, कुणी उघडली, आतलं धड निघालं की नाही, हे कधीच कळलं नाही. तक्रार आली नाही म्हणजे पोहोचलं असणार, असं साहेब म्हणायचे. पण पोहोचलं असं सांगणारं माणूस कधी आलं नव्हतं.

"आता तरी उघडू का?" जावई गमबूट वाजवत आत आला.

काकांनी हातातलं खोकं दिलं. दारापाशी मुलगीही येऊन उभी राहिली. ही वेळ टळणार नव्हती. काकूंना दिलेला शब्द त्यांनी निभावता येईल तेवढा निभावला होता.

जावयाने किल्लीने पट्टी कापली. बूट बाहेर काढले आणि त्यातल्या एकात हात घातला. कागदाची पुडी निघाली. त्याने ती उलगडली. आत लाल तुरा होता.

घोंगडीच्या खोक्यातलं घड्याळ कण्हलं.

"फुटलेल्या काचेला एवढा कागद, बाबा?" मुलगी हळूच म्हणाली.

"अजून फुटू शकते ना."

तिने तुरा हातात घेतला. वॉर्डात नाडी बघताना दिसतो तसा तिचा चेहरा झाला. "कधी?"

"थंडीत."

"उठली होती ती."

काकांनी पलंगावरची चादर सरळ केली.

"स्टुलावर चढली होती? त्या मोडक्या?"

"तेव्हा चार पाय होते त्याला."

"मी सांगितलं होतं तिला," मुलगी म्हणाली. "दहादा सांगितलं होतं." ती पलंगाच्या कडेवर बसली. मग विचारलं, "पुसून झाला होता का पण?"

"एक बाजू झाली होती," काका म्हणाले. "खिडकीकडची."

तिने मान हलवली. तुरा परत कागदात गुंडाळायला लागली, पण तिला नीट जमेना. काकांनी पुडी तिच्या हातातून घेतली, दोन घड्या घातल्या, टोकं आत दुमडली. "पीळ द्यायचा नाही," ते म्हणाले, "नुसतं दुमडायचं."

जावई दोन्ही बूट खिडकीपाशी उजेडात घेऊन गेला. एकेक बूट कानाशी धरून हलवला. आत डोकावून, बोटाने चाचपून, नोकरीत करतो तशी पुरी पाहणी केली.

"काय?" मुलीने विचारलं. "किती गेलं?"

"काही नाही," तो म्हणाला. मग काकांकडे वळून म्हणाला, "सगळं पोहोचलंय, बाबा."

काकांनी उगाचच रिकाम्या खोक्याची झापं आत दुमडली, पुन्हा बाहेर काढली, पुन्हा आत दुमडली.

मुलीने तुऱ्याची पुडी परत बुटात सारली, बूट उचलले, भिंतीतल्या फळीवर नेऊन ठेवले आणि एकमेकांना लावून सरळ केले. खिडकीतलं ऊन चामड्यावर पडलं. तिथून पुढे ते जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई गमबूट घालून ऑफिसला निघाला. फाटकाशी शेजाऱ्याने विचारलं, काय हो, पाऊस येणार आहे का? जावयाने निरभ्र आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, सांगता येत नाही.